उशाखालच्या वह्या परत करा

प्रति,
गोव्यातील सेवाभावी संस्थांची विश्वस्त व कार्यकारी मंडळे

स.न.वि.वि.

गेल्या महिन्यात आमच्या संस्थेने घरभेटी करणाऱ्या आम्हा १२ स्वयंसेवकांना कार्यालयात बोलावलं. चहा होता, भजी होती, भिंतीवर प्रोजेक्टर होता. २० मिनिटांत सगळं सांगून झालं. पहिल्या तारखेपासून प्रत्येक भेटीची नोंद मोबाइलवरच्या ॲपमध्ये करायची. भेटीचा फोटो चढवायचा. एका घरात २५ मिनिटांहून जास्त थांबायचं नाही. ५५ वर्षांपुढच्यांनी घरभेटी सोडून 'कार्यक्रम' सांभाळायचे. आणि रुग्णांच्या उशाखाली असलेल्या वह्या गोळा करून कार्यालयात जमा करायच्या. शेवटी "काही शंका?" असं विचारलं. शंका पुष्कळ होत्या, पण ठराव आधीच झाला होता आणि तो झाला त्या बैठकीत आमच्यापैकी एकही नव्हता.

मी ५७ वर्षांची आहे. फोंडा तालुक्यात राहते, एका पतसंस्थेत नोकरी करते आणि गेली १४ वर्षं आठवड्यातून दोनदा बिछान्याला खिळलेल्या माणसांच्या घरी जाते. म्हणजे नव्या नियमानुसार मी आता बॅनर बांधायचे आणि पाहुण्यांना नारळ-शाल द्यायची.

संस्थेचं नाव मी लिहीत नाही. तिथली माणसं वाईट नाहीत, माझ्या सासऱ्यांच्या शेवटच्या दिवसांत याच संस्थेने आमचं घर सावरलं होतं आणि त्याच ऋणातून मी या कामात आले. दुसरं कारण असं की या महिन्याभरात डिचोली, म्हापसा, मडगाव इथल्या निरनिराळ्या संस्थांत काम करणाऱ्या ओळखीच्या माणसांशी बोलले. कोणी वाचनालयात आहे, कोणी रक्तदानात, कोणी कासवांच्या अंड्यांवर रात्रीचा पहारा करणारं. तपशील वेगळे, तक्रार तीच. म्हणून हे पत्र तुम्हा सगळ्यांना.

आधी वही म्हणजे काय ते सांगते, कारण ज्यांनी ती बंद केली त्यांनी ती उघडून पाहिली असेल असं मला वाटत नाही.

शंभर पानी, एकरेघी, शाळेच्या दुकानात मिळते ती. पहिल्या पानावर औषधं आणि कोणाला फोन करायचा ते नंबर. पुढे तारीखवार, जो जाईल त्याने दोन-तीन ओळी लिहायच्या. मंगळवारी मी जायची, शुक्रवारी एक निवृत्त बस कंडक्टर. मी अर्धं मराठीत लिहायची, तो जवळजवळ सगळं कोंकणीत, आणि शुद्धलेखनाच्या नावाने दोघांचीही बोंब. एका आजींच्या वहीतल्या माझ्या या ओळी: 'पेज अर्धी वाटी. तोराचं लोणचं मागितलं, चाटवलं, हसल्या. उजवी टाच लाल, दाबून पाहिली, लाली जात नाही. सुनेला उशी दाखवली.' शुक्रवारी कंडक्टरांनी घरात शिरल्याशिरल्या वही उघडली आणि चादर वर करून आधी उजवी टाच पाहिली.

ज्यांनी हे काम केलेलं नाही त्यांच्यासाठी सांगते. दाबल्यावरही न जाणारी लाली ही बेडसोअरची पहिली खूण. त्या दिवशी लक्षात आली तर पोटरीखाली उशी घालून टाच अधांतरी ठेवणं, दर दोन तासांनी कूस बदलणं, एवढ्यावर निभावतं. आठवडा गेला की कातडी फुटते. मग ड्रेसिंग, वास, ताप आणि महिनोन् महिने घरातल्या बाईच्या डोळ्याला डोळा नाही. त्या आजींची टाच फुटली नाही. त्यांना जाऊन आता तीन वर्षं झाली, पण गेल्या तेव्हा पाठ आणि टाचा धड होत्या, हे त्यांची सून अजून मला बाजारात भेटली की सांगते.

नव्या ॲपमध्ये टाचेला जागा नाही. 'पेशंट कंडिशन' असा एक रकाना आहे आणि खाली दोनच पर्याय: 'सॅटिस्फॅक्टरी' आणि 'नॉट सॅटिस्फॅक्टरी'. सगळं इंग्रजीत. कंडक्टरांनी पहिल्याच दिवशी फोन माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "बाय, हें तूंच कर." दुसऱ्या आठवड्यापासून ते आले नाहीत. ते ७१ वर्षांचे, म्हणजे नियमानेही बाद आणि इंग्रजीनेही.

तुमची अडचण मला कळत नाही असं नाही. पतसंस्थेत बसते, ऑडिट म्हणजे काय ते ठाऊक आहे. कंपनी कायद्याच्या १३५ व्या कलमाखाली ठरावीक आकाराहून मोठ्या कंपन्यांना सरासरी नफ्याचे २ टक्के सामाजिक कामावर खर्च करावे लागतात, आणि ज्यांनी पैसे दिले त्यांना आकडे हवे असतात. परदेशी देणग्यांच्या कायद्यात २०२० साली बदल झाला आणि प्रशासनावरच्या खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आली. आयकराच्या सवलतीसाठीची १२अ आणि ८०जीची नोंदणी पूर्वी एकदा केली की कायमची असायची, आता ठरावीक वर्षांनी नूतनीकरण. देणगीदारांची यादी आयकर खात्याकडे भरायची ती वेगळीच. आमचे खजिनदार पूर्वी महिन्यातून एक दिवस आमच्याबरोबर घरभेटीला यायचे. आता ते सीएच्या कार्यालयात असतात. त्यांना दोष देत नाही. पण हा सगळा कागदांचा भार तुम्ही उचलून जसाच्या तसा आमच्या पिशवीत टाकलात, आणि टाकताना पिशवीत आधी काय होतं ते पाहिलं नाहीत.

आता तक्रारी एकेक करून.

पहिली फोटोची. बिछान्यावर, अर्ध्या कपड्यांत, नाकात नळी असलेल्या माणसाचा फोटो मी काढणार नाही. त्याची लेखी परवानगी असली तरी काढणार नाही, कारण ज्याच्या घरी आठवड्यातून दोनदा मदतीला येणारं एकच माणूस आहे त्याने 'नको' म्हणायचं कसं? २०२३ साली संसदेने वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा केला. तो वाचा. आजारपणाच्या फोटोला परवानगी कोणत्या कागदावर, किती दिवसांसाठी, आणि ती मागे घ्यायची असेल तर कोणाकडे जायचं, हे त्या दिवशी मी विचारलं. उत्तर आलं, "चेहरा धूसर करू." मडकईच्या वाड्यावरचं घर आणि पलंगामागचा गणपतीचा फोटो कोणी ओळखणार नाही असं ज्याला वाटतं त्याने गोवा पाहिलेला नाही.

दुसरी तक्रार घड्याळाची. पहिली १० मिनिटं तर चप्पल काढून, हात धुऊन, "आयलें गो बाय तूं?" ला उत्तर देण्यातच जातात. एका घरी म्हातारबाबा एकटे, मोठा मुलगा बोटीवर, धाकटा पोर्तुगीज पासपोर्टावर इंग्लंडात स्विंडनला. त्यांना माझ्याकडून औषधांहून गावात कोणाचं लग्न ठरलं ते हवं असतं. नखं काढताना ते बोलतात. पायाची नखं शिंगासारखी जाड झालेली असतात, कोमट पाण्यात १५ मिनिटं भिजवावी लागतात, नाहीतर नेलकटर चालत नाही. पाय बादलीत असताना, पंधरा दिवस गोळ्या घेतल्या नाहीत हे ते सांगून टाकतात, कारण तेव्हा मी त्यांच्याकडे बघत नसते. २५ मिनिटांत नखं निघतील किंवा गोष्ट निघेल.

तिसरी तक्रार लिहिताना हात जड होतो. आमच्याकडची नर्सची जागा आठ महिने रिकामी आहे. तोवर 'अनुभवी स्वयंसेवकांनी' ड्रेसिंग आणि कॅथेटरची पिशवी बदलणं सांभाळावं असा तोंडी निरोप आला. पिशवी रिकामी करणं मला येतं. खोल जखमेचं ड्रेसिंग मी करू नये, एवढंही मला येतं. पगारी माणसाची जागा फुकट माणसाने भरून काढायची आणि त्याला सेवाभाव म्हणायचं, ही सवय आपल्या देशात जुनी आहे. देशभर घरोघर फिरणाऱ्या आशा कागदोपत्री अजून 'स्वयंसेविका'च आहेत, त्यामुळे पगाराऐवजी मानधनासाठी रस्त्यावर बसतात. निदान आपण तरी ती री ओढू नये. मी कामाचे पैसे मागत नाही. ज्या कामाचे पैसे नर्सला द्यायचे ते नर्सला द्या.

चौथी विम्याची आणि पेट्रोलची, ती थोडक्यात. दोन पावसाळ्यांपूर्वी आमची एक मैत्रीण भेटीहून परतताना उतारावर स्कूटरवरून घसरली. मनगट मोडलं, दोन खिळे बसले. संस्थेकडून फुलांचा गुच्छ आला. वयाची ५५ ची अट 'विम्याच्या दृष्टीने' घातली असं तुम्ही म्हणता. पंतप्रधान सुरक्षा विमा योजना १८ ते ७० वयाच्या बँक खातेदाराला वर्षाला २० रुपयांत २ लाखांचं अपघाती संरक्षण देते. आम्हा १२ जणांतले कंडक्टर सोडून ११ त्यात बसतात, त्यांचे वर्षाचे २२० रुपये होतात. त्या दिवशीच्या भज्यांचं बिल त्याहून जास्त असणार. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाच्या 'आपदा मित्र' योजनेत स्वयंसेवकाला १२ दिवसांचं प्रशिक्षण, साहित्याची पिशवी आणि विमा मिळायचा. सरकारला जमलं ते आपल्याला का जमू नये?

आणि आता ते वाक्य, जे प्रत्येक वार्षिक सभेत ऐकते: "आजकालची मुलं येत नाहीत."

येतात हो. २०२१ च्या जुलैत म्हादईला पूर आला, सत्तरीत घरं पडली, तेव्हा आमच्या भागातून टेम्पो भरून मुलं गेली होती, गुडघाभर चिखल उपसत होती. २०२३ च्या मार्चमध्ये म्हादईच्या अभयारण्यात वणवे लागले, वर नौदलाची हेलिकॉप्टरं पाणी ओतत होती आणि खाली गावातली पोरं हिरव्या फांद्यांनी आग झोडपत होती. जत्रेच्या नाटकाला बघा. दिवसभर कंपनीत राबून रात्री अकराला तालमीला येतात, पडदे ओढतात, पदरमोड करून मेकअपवाला आणतात. यांना कोणी प्रमाणपत्र देतं? मात्र तिथे त्यांना कोणीतरी म्हटलेलं असतं की लाइट तुझे, चुकले तर बोलणी तुझी.

आपण काय करतो? एनएसएसच्या, म्हणजे कॉलेजातल्या राष्ट्रीय सेवा योजनेच्या मुलांना वर्षाला १२० तास भरायचे असतात. आपण त्यांना बोलावतो, टोप्या देतो, बॅनरमागे उभं करतो, फोटो काढतो, सही करतो. दोन वर्षांपूर्वी असाच एक मुलगा माझ्याबरोबर एका घरी पाठवला होता. सावईकडचा, इलेक्ट्रॉनिक्स शिकणारा, पहिला अर्धा तास फोनमध्ये. पलंगावरच्या आजोबांचा रेडिओ बंद पडलेला होता. मी सहज म्हटलं, "जमतं का बघ." त्याने तो उघडला. आत मुंग्यांनी घर केलं होतं. तो रेडिओ घेऊन गेला, चार दिवसांनी स्वतःहून एकटाच परत आला आणि आजोबांना सकाळच्या बातम्या लावून दिल्या. त्याचे तास केव्हाच भरले. तरी तो आजोबा जाईपर्यंत, दीड वर्ष, दर रविवारी जात राहिला, आणि वहीत मुलाचं अक्षर दिसायचं: 'व्हॉल्यूम बटण सैल. पुढच्या वेळी.' नव्या नियमात रेडिओ दुरुस्ती ही 'भेट' धरली जाणार नाही, मी विचारून घेतलं.

इथे केरळचं उदाहरण द्यायचा मोह आवरत नाही, जरी उठसूट केरळ सांगणाऱ्यांचा मलाही कंटाळा येतो. मलप्पुरम जिल्ह्यात २००१ च्या सुमारास बिछान्यावरच्या रुग्णांसाठी शेजाऱ्यांचं जाळं उभं राहिलं. शिक्षक, रिक्षावाले, विद्यार्थी यांनी रीतसर प्रशिक्षण घेतलं, आठवड्यातले दोन तास दिले, पैसेही बरेचसे गावातूनच उभे केले. डॉक्टर आणि नर्स पगारी. कोणाकडे जायचं, काय हवं, हे ठरवण्यात शेजारी पुढे. २००८ साली केरळ सरकारने याच अनुभवावर परिहार सेवेचं, म्हणजे पॅलिएटिव्ह केअरचं, धोरण केलं. २०११ च्या जनगणनेत ६० वर्षांवरच्यांचं प्रमाण केरळात १२.६ टक्के होतं आणि त्याच्या मागोमाग गोव्यात ११.२. म्हणजे म्हातारपणात आपण त्यांच्या शेजारच्या बाकावर आहोत. ठरवण्याचा अधिकार शेजाऱ्याकडे देण्यात मात्र फार मागे.

२०२६ हे संयुक्त राष्ट्रांनी स्वयंसेवकांचं आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून जाहीर केलं आहे. ५ डिसेंबरला स्वयंसेवक दिन. म्हणजे सभागृहं आतापासून बुक होत असतील, स्मृतिचिन्हांची ऑर्डर गेली असेल, आणि ५५ वर्षांपुढच्या आम्हालाच ती मांडून ठेवायची असतील. माझं स्मृतिचिन्ह वगळा. त्याऐवजी मागते ते असं.

कार्यकारी मंडळात प्रत्यक्ष काम करणाऱ्या स्वयंसेवकांना दोन जागा द्या, मतदानाच्या अधिकारासह, आणि त्यांची निवड स्वयंसेवकांनीच करू द्या. घटना दुरुस्त करावी लागेल हे माहीत आहे. संस्था नोंदणी कायदा १८६० चा आहे, पण त्यात दुरुस्तीची वाट आहे आणि सभासदांच्या सभेत ती होते. बाकीच्या मागण्या मान्य केल्यात आणि ही टाळलीत, तर तीन वर्षांनी पुन्हा प्रोजेक्टर लागेल, म्हणून ही पहिली.

रुग्णाचा फोटो हा भेटीचा पुरावा म्हणून मागणं बंद करा. पुरावा हवा तर घरच्यांची वहीत सही घ्या.

ॲप ठेवायचं तर ठेवा, पण मराठीत आणि कोंकणीत, मोकळं लिहायची जागा असलेलं, आणि वहीच्या जोडीला. ज्याला ॲप जमत नाही त्याची ओळ कार्यालयातल्या पगारी माणसाने टंकावी.

वयाची अट काढा. ज्याला जिना चढवत नाही तो स्वतः सांगेल. हयातीचा दाखला भरून देणं, दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेचं पासबुक बँकेत नेऊन छापून आणणं, ही कामं ७१ वर्षांचा माणूस २१ वर्षांच्या मुलाहून चांगली करतो, कारण त्याला बँकेतल्या रांगेचा राग येत नाही.

घरी पाठवण्याआधी नर्सकडून प्रशिक्षण, अपघात विमा, आणि मागेल त्याला पेट्रोल. मी पेट्रोल मागणार नाही. पण कॉलेजातल्या मुलाला आणि रोजंदारीवरच्या बाईला ते मिळालं नाही, तर सेवा ही माझ्यासारख्या पगारदारांचीच मिरास राहील.

नर्सची जागा भरा. त्यासाठी निधी कमी असेल तर सांगा, आम्ही १२ जण चवथीआधी गावात फिरून पावत्या फाडू. हे काम आम्हाला ॲपहून चांगलं येतं.

आमच्या संस्थेची वार्षिक सर्वसाधारण सभा सप्टेंबरात असते. सभेच्या नोटिशीत हा विषय घालावा असा अर्ज, दोन जागांच्या घटनादुरुस्तीच्या मसुद्यासह, मी आणि आणखी सात सभासदांनी कार्यालयात दिला आहे आणि पोच घेतली आहे. इतर संस्थांतल्या स्वयंसेवकांनीही आपापल्या सभेआधी तसा अर्ज द्यावा. मसुदा हवा असेल त्याला आमचा देऊ.

कळावे,

आपली,
घरभेटीची एक स्वयंसेविका
फोंडा तालुका, गोवा

ता.क. गोळा केलेल्या वह्या कार्यालयाच्या मागच्या खोलीतल्या कपाटात आहेत. ते कपाट ज्या भिंतीला लागून आहे ती दर पावसाळ्यात झिरपते. त्यांतली माणसं अजून हयात आहेत आणि शुक्रवारी जो कोणी जाईल त्याला मंगळवारी काय दिसलं ते वाचायचं आहे. सभेची वाट न बघता, मिरगाच्या आत त्या ज्याच्या त्याच्या घरी पोचवा. न्यायला माणूस नसेल तर किल्ली द्या, मी नेते.